उतरलेला खांदा

जुन्या गावात मास्तर म्हटलं की शिकवणारे नव्हेत, शिवणारे. दगडी कमानीला लागून त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. पुढे कापायचं टेबल, एक मशीन, स्टुलावर बसून काजं-बटणं करणारी त्यांची बायको आणि मागे पडद्याआड ट्रायल रूम. संध्याकाळी दुकान बंद झालं की त्या ट्रायल रूममध्ये लाल दिवा लागायचा, फळीवर रसायनांचे तीन ट्रे मांडले जायचे आणि मास्तर फोटो धुवायला बसायचे. "तुमच्यापायी गिऱ्हाईक पँट घालून बघायला आत जातं आणि नाक धरून बाहेर येतं," असं बायको म्हणायची. पण त्यांच्या नादाच्या आड ती कधी आली नाही.

कॅमेरा मेव्हण्याचा होता. त्याचा उत्साह दोन महिन्यांत आटला आणि कॅमेरा मास्तरांच्या गळ्यात पडला, तो कायमचाच. रोज उजाडल्यावर दुकान उघडेपर्यंत मास्तर गल्लीबोळांतून फिरायचे. काळा-पांढरा रोल, छत्तीस फोटो, तो महिनाभर पुरवायचा. ओळखीच्या लोकांचे फोटो ते काढत नसत. भिंती, सावल्या, पाठमोरी माणसं, झाडूवाली, ओट्यावर पेपर वाचणारा म्हातारा. आणि एक पथ्य त्यांनी पाळलं होतं. कुणी हात वर केला की कॅमेरा खाली घ्यायचा, मान लववायची आणि तिथून निघायचं. हुज्जत घालायची नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी, सव्वासातच्या सुमाराला, मास्तर लांब जिन्याच्या गल्लीत उभे होते. ती गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्याच, दोन्ही बाजूंना उंच भिंती, एक खिडकी नाही. धुकं इतकं की जिन्याचं वरचं टोक दिसत नव्हतं. पंधरा-वीस पायऱ्या वर एक माणूस भिंतीला पाठ टेकून उभा होता. अंगात लांब काळा कोट. मास्तरांना आधी दिसला तो कोटच. डावा खांदा चांगला दोन इंच उतरलेला. 'कुणी कापलाय हा,' त्यांच्या मनात आलं, 'खांदा बेतायला शिकलाच नाही बेटा.' पण काळा कोट, ओली भिंत आणि मधलं पांढरं धुकं असं काही जमून आलं होतं की त्यांनी एक फोटो घेतला, नीट फोकस करून दुसरा घेतला. तेवढ्यात त्या माणसाने उजवा हात उचलला आणि तो म्हणाला, "अहो..."

मास्तरांनी तोवर तिसऱ्यांदा बटण दाबलं होतं. गृहस्थ नको म्हणतोय, असं समजून त्यांनी मान लववली आणि बाजूच्या बोळात शिरले. बोळात एका कुंपणावर मांजर बसलं होतं. त्याचाही एक फोटो घेतला.

त्याच सकाळी, मास्तर घरी परतताच, नवरा-बायको लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेली, ती तीन आठवड्यांनी परतली. रोल धुतला तेव्हा त्या माणसाचा तिसरा फोटो पाहून मास्तर हरखून गेले. इतक्या वर्षांत असा फोटो त्यांच्या हातून निघाला नव्हता. चेहरा सावलीत पार बुडालेला, फक्त तो तिरका काळा कोट आणि धुक्यात पुढे आलेला हात. मोठा प्रिंट काढून त्यांनी तो मशीनच्या वर भिंतीवर लावला. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं थांबून पाहायची. कुणी म्हणालं, भीती वाटते. कुणी म्हणालं, देखणा आहे.

महिनाभराने एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, नदीपलीकडे नव्यानेच राहायला आलेल्या. त्यांनी पिशवीतून एक काळा कोट काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, हा माझ्या मापाचा करून द्याल? मला घालायचाय."

"पुरुषाचा कोट आहे, बाई. बराच उसवावा लागेल."

"उसवा. माझ्या मिस्टरांचा आहे. घरात नुसता टांगलेला बघवत नाही, आणि देऊन टाकवत नाही."

मास्तरांनी कोट पसरला. कापड चांगलं होतं, अस्तर हाताने घातलेलं. सवयीने त्यांनी गळ्याच्या शिवणीपासून उजव्या खांद्यावर फीत धरली, मग डाव्या. दोन्ही मापांत दोऱ्याइतकाही फरक नव्हता. त्यांनी कोट उचलून हँगरला लावला, दोन पावलं मागे सरून पाहिला. खांदे तराजूच्या दांडीसारखे सरळ. फार जाणत्या हाताचं काम होतं ते. भिंतीवरच्या फोटोतला कोट हाच होता; मग खांदा उतरला होता तो आतल्या माणसाचा.

"कुठे हो... म्हणजे, कसे गेले?" मास्तरांनी विचारलं. आपला आवाज आपल्यालाच लांबून आल्यासारखा वाटला त्यांना.

"रोज सकाळी फिरायला यायचे इकडे, जुन्या गावात. लांब जिन्यावर सापडले, आठ वाजता. छातीत कळ आली असणार. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले असतील. मी विचारलं, लगेच म्हणजे किती? ते कागदावर सही करायला लागले." बाईंनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवला. "जवळ कुणीच नव्हतं, हेच मनातून जात नाही."

भिंतीवरचा फोटो बाईंच्या पाठीमागे होता. मास्तरांनी त्यांची मापं घेतली, त्यांना भिंतीकडे वळू न देता. त्या गेल्यावर बायकोने पाहिलं, तर मास्तर स्टुलावर चढून प्रिंट काढत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी तिसरी निगेटिव्ह पुन्हा एन्लार्जरमध्ये, फोटो मोठा करून कागदावर पाडायच्या यंत्रात, घातली. या वेळी चेहऱ्यावर कमी उजेड पाडला, म्हणजे तो काळा होणार नाही. लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये हलत राहिला. आधी कोट आला, मग हात. मग चेहरा आला. डोळे सरळ मास्तरांकडे पाहत होते. त्यात राग नव्हता. तोंड उघडं होतं, पुढचा शब्द यायचा असताना राहिलेलं.

पुढचे दहा दिवस कोट पुतळ्यावर चढवलेला होता. मास्तर शिवण उसवायचे, टाके घालायचे, आणि मधेच थांबून मागे व्हायचे. त्यांना वाटायचं, आपण पाठ फिरवली की डावा खांदा उतरतो. वळून पाहावं तर सरळ. एकदा दोरा दातांनी तोडताना कानाशी "अहो" ऐकू आलं. बायको तर मागच्या नळावर भांडी घासत होती. फिरायला जाणं बंद झालं. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचे खांदे त्यांनी दोनदा चुकवले, जे पंचवीस वर्षांत झालं नव्हतं.

शेवटी बायकोनेच विषय काढला. "त्या फोटोतला माणूस त्या बाईंचा, ना?"

मास्तरांनी मान हलवली.

"मग तो तेव्हा..."

"हो. मी कोट बघत होतो गं. आधी कोटच बघितला मी. आणि नंतर मला वाटलं, फोटो नको म्हणतोय."

बायकोने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "सांगितलंत तर ती कोसळेल. नाही सांगितलंत तर तुम्ही कोसळाल. मी काय सांगू?"

"मी गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय की," ती म्हणाली.

बाई कोट न्यायला आल्या तेव्हा मास्तरांनी आधी तो त्यांना घालून बघायला दिला. बेतशीर बसला होता. मग त्यांनी स्टूल पुढे केलं आणि न थांबता सगळं सांगितलं. हात कसा वर झाला, आपल्याला काय वाटलं, आपण कुठल्या बोळात शिरलो. मांजराचाही फोटो काढला, हेसुद्धा सांगितलं. ते लपवणं त्यांना जमेना. मग प्रिंट समोर ठेवला.

बाईंनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला. किती तरी वेळ. मास्तरांची बायको उठून दारात उभी राहिली, कुणी गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून.

"किती वाजले होते?"

"सव्वासात."

"आठला सापडले," बाई म्हणाल्या. "मला ती जागा दाखवाल? उद्या. त्याच वेळेला."

दुसऱ्या दिवशी मास्तर कॅमेऱ्याशिवाय गेले. धुकं नव्हतं. बाई तोच कोट घालून आल्या होत्या. मास्तरांनी भिंतीजवळची जागा दाखवली. बाईंनी त्यांना खाली, ते उभे होते तिथे जायला सांगितलं आणि स्वतः भिंतीला पाठ टेकली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो."

मास्तरांचा पाय आपसूक वरच्या पायरीकडे उचलला गेला.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"आवाज घाबरल्यासारखा होता का त्यांचा?"

मास्तर वर चढून आले. खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "नाही. कुणाला पत्ता विचारायला थांबवतात ना, तसा होता."

"तसेच होते ते. कधी बोट कापलं, भळाभळा रक्त आलं, तरी हाक मारायचे ती छत्री कुठे ठेवलीस विचारावं तशी." बाई पायरीवर बसल्या. "मी तुम्हाला माफ केलं असं म्हणायला आले नाही, मास्तर. तसं कधी म्हणता येईल का, माहीत नाही. इतके दिवस वाटायचं, ते अगदी एकटे होते. आता कळलं, समोर माणूस होता. हे बरं की वाईट, तेच मला समजेना झालंय."

मास्तर दोन पायऱ्या खाली बसले. एक दूधवाली वरून उतरत आली, तिला वाट द्यायला दोघं भिंतीशी सरकली. नंतर बाईंनी तीनही निगेटिव्ह मागून घेतल्या. मास्तरांनी दुकानात येऊन त्या पट्टीतून कापून दिल्या.

मास्तरांनी फोटो काढणं सोडलं नाही. सोडलं असतं तर सोपं गेलं असतं, असं ते बायकोला म्हणाले. आता फिरताना कुणी भिंतीला टेकलेलं, ओट्यावर वाकून बसलेलं दिसलं की ते आधी जवळ जातात आणि विचारतात, बरं आहे ना? माणसं चमकून सरळ होतात, हसतात, काही वैतागतात. विचारून होईपर्यंत चित्र मोडलेलं असतं. पूर्वीसारखे फोटो आता त्यांच्या हातून निघत नाहीत.