व्होल्कमार पळत नव्हता

या हो, जरा पुढे सरकून बसा. कुंपणाशी मेलेल्या एका मेंढपाळाची आणि त्याच्या बायकोची गोष्ट सांगतो, कान इकडे द्या.

जर्मनीत, थुरिंगियातल्या हेल्मर्सबाखच्या माळावर, पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधल्या जुन्या सरहद्दीच्या कुंपणाचा एक तुकडा आठवण म्हणून ठेवलाय. शेजारी त्या मेंढपाळाच्या नावाचा दगड. दर ऑगस्टात तिथे पुष्पचक्र वाहतात, चर्चचे पितळी वाद्यवाले भजन वाजवतात आणि सरपंच सांगतात, "व्होल्कमार ट्राउटवाइन स्वातंत्र्याकडे पळताना गोळी लागून गेला."

त्याची बायको गेरलिंड पहिल्या रांगेत बसून ऐकते. मोठी सोशिक बाई, पण हे एक वाक्य तिला सोसत नाही. कुंपणवाल्या सरकारनं म्हटलं, गद्दार पळत होता. कुंपण पडलं, तर नवे म्हणाले, वीर पळत होता. शिव्या जाऊन फुलं आली. पण बायकोला आणि पाळण्यातल्या पोरीला टाकून तो निघाला, हे दोघांचंही पक्कं. अहो, तो कुंपणालगतच्या बंदी असलेल्या पट्ट्यात शिरलेली गाभण मेंढी आणायला गेला होता! "सूप गरम ठेव, आलोच," म्हणून गेला होता.

यंदा तिनं सरपंचाला गाठलं. हेनिंग तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला.

"हेनिंग, यंदा मी बोलणार. तो मेंढीमागं गेला होता."

"मावशी, अगं शाळांची पोरं बस भरून येतात, ती काय मेंढीसाठी?"

"तुझा बाप तर कोंबडीमागंही गेला नसता तिथं. भित्रा मेला!"

"म्हणून तर त्याचा दगड नाही," हेनिंग हसला. "बोल बापडी."

लेक सिल्के मात्र हसली नाही. "आई, मेंढीपायी गेला म्हणजे फुकटच गेला की गं. मी शाळाशाळांतून काय सांगत आले?"

"तुला टाकून गेला, हे सांगत आलीस, बाळा."

"ते मी केव्हाच माफ केलंय त्याला."

"माफ करायला त्यानं केलंय काय?"



तेरा ऑगस्टला, पुष्पचक्राच्या दिवशी, गेरलिंड माइकसमोर उभी राहिली. "माझा नवरा कुठंही पळत नव्हता," ती म्हणाली. "मेंढी घेऊन घरी येणार होता."

कुणीतरी काही विचारेल म्हणून ती थांबली. हेनिंगचे डोळे भरून आले. त्यानं माइक अलगद आपल्याकडे घेतला.

"ऐकलंत मंडळी? त्या काळी सरकारच्या भीतीनं घरच्यांना 'आमचा माणूस पळत नव्हता' असंच सांगावं लागायचं. इतकी वर्षं झाली, तरी ती भीती या माउलीच्या जिभेवरून उतरलेली नाही!"

लोक आदरानं उठून उभे राहिले. वाद्यं सुरू झाली. गेरलिंड "नाही रे, नाही" म्हणत राहिली, पण पितळेच्या आवाजापुढे म्हातारीचा आवाज तो केवढा? सिल्केनं तिला धरून खुर्चीत बसवलं.

बाबांनो, प्रार्थनेला हात जोडाल तेव्हा त्या व्होल्कमारची आठवण ठेवा. तो घरीच यायला निघाला होता.