घरचं माणूस

मास्तरांनी खुर्ची ओढून मुलापासून हातभर लांब घेतली, मगच ते बसले.

“शेजारी बसायची लाज वाटते,” ते समोरच्या समुपदेशक बाईंना म्हणाले. “जन्मभर शाळेत कवायत घेतली मी. माझ्यासमोर वाकडी मान करायची कुणाची छाती नव्हती. आणि माझ्याच घरात हे रत्न!”

रत्न चाळिशीला आलं होतं आणि वायरमनचं काम करत होतं. बापलेकांच्या सामाईक स्कूटरच्या डिकीत पोलिसांना गांजाची पुडी सापडली, तेव्हा स्कूटर मुलगा चालवत होता. कोर्टाने सवलत दिली होती. सरकारी खर्चाने समुपदेशन पूर्ण केलं तर खटला मागे. नाहीतर तुरुंग, आणि वायरमनचा परवानाही जाणार.

“सुरुवात एका वाक्याने होते,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. “मी गांजा ओढतो. म्हणा.”

“मी ओढत नाही.”

“मग तुमची जागा इथे नाही, कोर्टात आहे. न ओढणाऱ्याचं मी काय सोडवू?”

“अरे, म्हण की!” मास्तर कडाडले. “ओढताना लाजला नाहीस, आता कसली लाज? तिकडे सूनबाईच्या घशाखाली घास उतरेना, पोरीला शाळेत तोंड दाखवता येईना!”

मुलाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. मास्तर भिंतीवरच्या पंख्याचं बटण निरखू लागले.

“ओढतो,” मुलगा म्हणाला.

“कधीपासून?”

“झाले... बरेच दिवस.”

“नाही मिळाला की काय होतं?”

मुलाने वरच्या खिशातला टेस्टर काढला, बोटांत फिरवला. “डोकं दुखतं. बहुधा.”

“बहुधा?” बाईंनी पेन खाली ठेवलं. “शिक्षा चुकवायला इथे रोज कुणीतरी सोंग घेऊन येतं. मला तेवढा वेळ नाही. कोर्टाला तसं कळवते.”

“बहुधा म्हणे! नंदीबैल!” मास्तर उसळले. “डोकं नाही हो दुखत, मॅडम. दुपार कलली की तळहात ओले होतात. पलीकडच्या खोलीत कुणी चमचा ठेवला तरी कानाखाली वाजवल्यासारखं होतं. नातीचं गाणं नको वाटतं. नातीचं! पहाटे कुठे डोळा लागतो, की दचकून जाग. याला काय कळणार त्यातलं...”

मास्तरांनी हात मांडीवर पुसले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

“असंच होतं मला,” मुलगा म्हणाला. “ते सांगतायत तस्संच.”

“नातीचं गाणंही?”

“माझ्या पोरीचं. तेच ते.”

बाईंनी पेन उचललं.

“दर मंगळवारी यायचं. सोबत घरचं एक माणूस लागेल, आणि तेही आत बसेल. बाहेर बाकावर नाही. बायको येईल?”

“बाबा येतील.”

मास्तर पुन्हा पंख्याचं बटण निरखू लागले.

“बोला की,” मुलगा म्हणाला. “मॅडम थांबल्यात. येणार ना?”