माझ्या पोटातलं तुळशीचं पान

बसा मित्रांनो, खुशाल माझ्यावर बसा. मी एक जुनी बॅटरी आहे. माझ्यातलं तेजाब केव्हाच काढून टाकलंय आणि खोक्यावर फळी ठोकली आहे, त्यामुळे कुणाला काही लागायचं नाही. उज्जैनला, क्षिप्रेतल्या एका नावेत माझी सारी हयात गेली. ऐन तारुण्यात माझा उजेड असा होता, की नदीतले मासे पाढे पाठ करायला नावेखाली जमत. सतराच्या पाढ्यात धाकटे अडखळले की थोरला मासा त्यांना शेपटी हाणी. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा.

नावेचे मालक माणिकराव. रेल्वेत डब्यांचे दिवे-पंखे सांभाळून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई शाळेत विज्ञान शिकवत. मेळ्यात हरवलेल्या माणसांना नावेत बसवायचं आणि भोंग्यावरून त्यांच्या घरच्यांना हाका मारायच्या, हे दोघांचं व्रत. भोंग्याला वीज माझी. ती त्याला चालेल अशी करून द्यायला एक घरी बनवलेला इन्व्हर्टर होता, भुंग्यासारखा गुणगुणणारा.

सन ब्याण्णवचा सिंहस्थ आला. पहिल्याच मोठ्या स्नानाला एक म्हातारी नावेत आली. नाव माई, एवढंच तिला सांगता येई. "माईंच्या घरच्यांनी..." असं माणिकराव बोलले मात्र, आणि मी मान टाकली. इन्व्हर्टरनेही धूर सोडला. माई दिवसभर मुकाट्याने गर्दीकडे बघत राहिली. उन्हं कलल्यावर तिचा मुलगा केवळ नशिबाने समोर आला.

शाही स्नानाला चारच दिवस उरले होते. पुन्हा असं झालं तर हरवलेल्यांनी कुणाकडे बघायचं?

अनसूयाबाईंनी माझी टोपणं उघडली. आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडलेल्या, तळाशी गाळ. चिमट्याने त्यांनी काहीतरी वर काढलं. काळं पडलेलं तुळशीचं पान!

"अहो, हे काय?"

माणिकराव नावेच्या छताकडे बघू लागले. "एकादशीला... थोडंसं तीर्थ. अगं, क्षिप्रेच्या पाण्याहून शुद्ध काय असतं?"

"तीस वर्षं रेल्वेत डिस्टिल्ड पाणीच घालत होतात ना?"

"ती सरकारी बॅटरी. ही घरची."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग मला टांग्यात घालून दोघं माधवनगरातल्या दुकानात गेले. त्या दिवसांत बाजारात रोज नवी चीज येत होती. दुकानदाराने रंगीत कागद पुढे केला. "बाईजी, ट्रक वाली ले जाओ. हाथी उठा लेगी!"

"हाथी नहीं उठाना है, भैया. दिन भर पुकारना है."

त्या कागदाच्या पाठीवर बाईंनी हिशेब मांडला: भोंग्याचं मशीन, दोन ट्यूबलाइट, एक पंखा, दहा तास. शिवाय बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही. ट्रकची बॅटरी एका धक्क्यात सगळा जोर लावते. यांना हवी होती हळूहळू, दिवसभर देणारी. तशा दोन जुळ्या बॅटऱ्या त्यांनी निवडल्या. दुकानदार कपाटाएवढा इन्व्हर्टर दाखवू लागला, तर म्हणाल्या, "इतना बड़ा तो खुद ही आधी बिजली खा जाएगा." आणि कामापुरता, थोडा मोकळा राहील असा लहान घेतला. मित्रांनो, मी बेशुद्ध नसते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

"एकच नवी घेऊ ना," माणिकराव हळूच म्हणाले, "जोडीला ही जुनी राहील. किती सेवा केलीय हिने!"

"जुनी नवीलाही खाली ओढते, तुम्हांला ठाऊक आहे."

माणिकरावांना ठाऊक होतं. मलाही.

तेजाब काढून, वर फळी ठोकून मला बसायचं आसन केलं गेलं. शाही स्नानाच्या सकाळी जयूबाई नावाच्या एक बाई हरवून आल्या आणि माझ्यावर बसल्या. त्यांची बस नानाखेड्याच्या बसस्थानकावरून संध्याकाळी सहाला सुटणार होती. आठ वाजल्यापासून त्यांच्या यजमानांना हाका सुरू झाल्या. दुपार गेली. पंख्याचा वेग कमी झाला नाही, भोंग्याचा आवाज बसला नाही. पाचाच्या सुमाराला, दहावा तास लागता लागता, एक घामाघूम गृहस्थ धक्क्यावर धावत आले.

"अहो, होतात कुठे?"

"पलीकडच्या घाटावर, तुलाच शोधत! आवाज कानावर आला म्हणून कळलं."

जयूबाई उठल्या, जाता जाता माझ्या फळीवरून हात फिरवून गेल्या.

माणिकरावांनी आनंदाने तीर्थाची लोटी उचलली. सवयीने हात नव्या बॅटरीच्या टोपणाकडे गेला. अनसूयाबाईंनी नुसतं त्याकडे बघितलं. हात थांबला, वळला आणि सारं पाणी माझ्यावर ओतलं गेलं. "घे गं," ते पुटपुटले.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला काय मानवतं, ते आधी विचारत जा. मला कुणी विचारलं असतं, तर मी आणखी दोन सिंहस्थ बोलले असते. पण खरं सांगते, त्या लोटीसरशी मी क्षणभर लख्ख उजळले. माशांचा सतराचा पाढा पुरा झाला तो त्याच उजेडात.