वाव्राच्या कोपऱ्यावरची पाटी

"बाबा, हीच पाटी काढायची का?" कर्टने वाऱ्यावर आवाज चढवून विचारलं.

"मग काय, तुझ्या गाडीची दारं ठोकू तिथं?" लेलँड वाव्राने पहार फळीमागे सारली आणि अंगाचा सगळा भार टाकला. खिळा करकरत बाहेर आला.

एप्रिल संपत आला होता, पण उत्तरेच्या वाऱ्यात बर्फाचे खडे होते. दुपारी त्या वाऱ्याने वासरांच्या गोठ्याची एक भिंतच उचलून कुरणात नेऊन टाकली होती. आत नुकत्याच व्यालेल्या गाई होत्या आणि अजून अंगही न वाळलेली वासरं. लाकडाच्या दुकानाकडे जाणारा रस्ता बंद झाला होता. आडोसा होईल अशी एकच वस्तू जवळ होती, ती म्हणजे हमरस्त्याच्या कोपऱ्यावर कुंपणाला ठोकलेली ही पाटी. प्लायच्या चार थोरल्या फळ्या, एकेकीवर एकेक लाल इंग्रजी अक्षर, आणि चारी मिळून आडनाव होतं रूल. सिनेटर क्लेटन रूल.

गोठ्याशी आल्यावर कर्टने पहिली फळी उभी केली, तसा लेलँड म्हणाला, "अक्षरं आत कर."

"का? वासरांना वाचायचंय?"

"गारांनी रंग जाईल. आर्लीनचा हात आहे त्यावर."

कर्टने फळी फिरवली. सासूबाईंचा विषय निघाला की जावई गप्प होतो, हे त्या घरात दोन वर्षांपासून चाललं होतं. दोघांनी अंधार पडायच्या आत चारी फळ्या ठोकल्या. कुठलं अक्षर कुठं गेलं हे बघायला सवड नव्हती. एक वासरू दगावलं, बाकीची तगली.

तर त्या पाटीची गोष्ट अशी. क्लेटन रूल तेव्हा काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, सरकारी वकील होता. सिनेटचा अर्ज भरून गावोगाव हिंडत असताना वाव्रांच्या फाटकासमोर त्याचं टायर फुटलं. लेलँडने टायर बदलून दिलं आणि आर्लीनने त्याला स्वयंपाकघरात बसवून कोबी-खिमा भरलेले गरम पाव खाऊ घातले. त्याने मत मागितलं नाही, आणखी एक पाव मागितला. तो गेल्यावर आर्लीन म्हणाली, "माणूस बरा वाटतो. पोटभर जेवतो." आणि कोठारातल्या फळ्या काढून रंगवायला बसली. तिच्या पहिल्या अक्षराचा तोल डावीकडे गेला तो गेलाच. दर सहा वर्षांनी ती पाटी निघायची, तिच्यावर नवा हात फिरायचा, पण ते अक्षर तिने कधी सरळ केलं नाही. यंदाची चौथी निवडणूक. यंदा आर्लीन नव्हती. लेलँडने फळ्या पुसल्या आणि तशाच लावल्या.

या राज्यात पक्षाचं तिकीट मिळालं की माणूस निवडून आल्यातच जमा, त्यामुळे खरी लढाई मे महिन्यातच, पक्षातल्या पक्षात होते. आजवर रूलसमोर कुणी उभं राहिलं नव्हतं. यंदा ब्रॉक सटर नावाचा दात पांढरेशुभ्र असलेला तरणा गडी उभा राहिला होता आणि टीव्हीवर दर दहा मिनिटांनी रूलला गद्दार म्हणत होता. कारण रूलने समोरच्या पक्षाबरोबर बसून एका विधेयकाला मत दिलं होतं. त्या विधेयकात इतर भानगडी काय होत्या, देव जाणे, पण खेड्यापाड्यातली छोटी इस्पितळं त्यामुळे चालू राहिली होती. आपल्या गावचंही राहिलं होतं. आर्लीनचे शेवटचे दिवस तिथं गेले. खिडकीतून तिला आपल्याच टेकड्या दिसत होत्या आणि लेलँड गुरांना चारा घालून रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसू शकत होता. नाहीतर तिला दूर ओमाहा शहरातल्या इस्पितळात, कुठल्या तरी नवव्या मजल्यावर मरावं लागलं असतं.

गावातल्या निम्म्या घरांनी ते इस्पितळ वापरलं होतं. पण गरज सरो, वैद्य मरो. सटरचं ऐकून गाव फिरलं. लेलँडशी कुणी भांडलं नाही. भांडण परवडलं असतं. लव्हर्नच्या खानावळीत सकाळच्या कॉफीला त्याच्या टेबलावर जी चार डोकी बसायची, ती यंदा पाटी लागल्यापासून खिडकीकडच्या टेबलावर बसू लागली, एवढंच. जाताना 'कसा आहेस' म्हणायची. लेलँड आपली हॅट समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवायचा आणि अंडी खायचा. बायको गेल्यावर दिवसातून तो एकच तास त्याचा माणसांत जायचा. तोही गेला तेव्हा त्याला आर्लीन गेल्यासारखंच पुन्हा एकदा झालं. हे तो कुणाला सांगणार?

वादळानंतर रस्ता उघडला. लेलँड खानावळीत शिरला, हॅट खुर्चीवर ठेवली, तोच गेलन स्ट्राउड आपला कप घेऊन आला. गेलन चाऱ्याच्या दुकानाचा मालक, सटरचा गावातला पुढारी, आणि लेलँडचा शाळेपासूनचा सोबती.

"ही उचल," गेलन हॅटकडे बघत म्हणाला. "का माझ्या बुडापेक्षा तुझ्या हॅटला मान जास्त?"

लेलँडने हॅट गुडघ्यावर घेतली. मागोमाग बाकीचे दोघंतिघं आले, खुर्च्या सरकल्या.

"पाहिलं मी येताना," गेलन म्हणाला. "कोपरा मोकळा. उशिरा का होईना, सुचलं तुला."

"अरे, ते वादळ—"

"वादळच आहे हे. मी म्हटलंच होतं, म्हातारा आडमुठा आहे पण मूर्ख नाही. लव्हर्न, याच्या अंड्यांचे पैसे माझ्याकडे."

"तुझ्याकडे?" लव्हर्न काउंटरमागून म्हणाली. "थांब, तारीख लिहून ठेवते भिंतीवर."

सगळे हसले. लेलँडही हसला. मग गाईंचे भाव निघाले, कुणाची किती वासरं दगावली ते निघालं, आणि गोठ्याची भिंत, उलट्या ठोकलेल्या फळ्या, हे सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही. त्याने ते गिळलं. टेबलाखाली चार जणांचे बूट एकमेकांना लागत होते आणि कॉफी गरम होती. दुसऱ्या दिवशी सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी गेलनने त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती.

घरी कर्ट म्हणाला, "बाबा, चाऱ्याच्या दुकानात लोक म्हणतायत, तुम्ही फिरलात."

"म्हणू दे."

"तुम्ही फिरलात का?"

"नाही."

"मग सांगा ना त्यांना."

"तू तुझं काम कर," लेलँड म्हणाला. त्यानंतर त्याला जेवण गेलं नाही.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात एक धुळीने माखलेली गाडी फाटकातून आत आली. बरोबर कुणी नाही, गाडीवर झेंडा नाही. क्लेटन रूल स्वतः चालवत आला होता. उतरताना त्याने दार दोन्ही हातांनी धरलं. गेल्या खेपेपेक्षा तो फारच वाळला होता.

"ये वकीलसाहेब," लेलँड म्हणाला. सिनेटर झाला तरी तो या घरात वकीलसाहेबच होता. "टायर ठीक आहेत का?"

"टायर ठीक आहेत. बाकीचंच फुटलंय."

स्वयंपाकघरात बसून त्याने गव्हाच्या पावाचा एक तुकडा खाल्ला आणि पुरे म्हणाला. एकाच तुकड्यावर पुरे म्हणणारा रूल लेलँडने पाहिला नव्हता. पाऊस, गुरं, आर्लीनची प्रार्थनासभा झाली त्या दिवशी पडलेला बर्फ, अशा गोष्टी झाल्या. कोपऱ्याचं नाव नाही. शेवटी रूलने कप बशीवर ठेवला.

"मी भांडायला नाही आलोय, लेलँड. कुंपण तुझं आहे, तुला वाटेल ते त्यावर लाव. पण ती पाटी आर्लीनने केली होती. तुला नको असली तर मी घेऊन जाईन म्हणतो. गाडीत बसत असेल तर."

लेलँड उठला. "चल," म्हणाला.

गोठ्यात गवताचा आणि दुधाचा ऊबदार वास होता. उत्तरेच्या बाजूला चार लाल अक्षरं, भलत्याच क्रमाने, गुडघ्यापर्यंत शेणाने भरलेली. एक वासरू त्यांना पाठ टेकून झोपलं होतं.

"वाऱ्याने भिंत नेली," लेलँड म्हणाला. "दुसरं काही नव्हतं. अक्षरं आत केली, रंग राहावा म्हणून."

"मग लोकांना का नाही सांगितलंस?"

लेलँडला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "सांगणार होतो. पण ते येऊन बसले माझ्या टेबलावर. पाटी होती तोवर कुणी बसत नव्हतं. त्यांना वाटलं मी फिरलो, आणि मी वाटू दिलं. मला लाज वाटते, क्लेटन. तू इस्पितळ राखलंस, आणि मी चार माणसांसाठी तोंडात मूग धरून बसलो."

रूलने खाली बसून वासराच्या कानामागे खाजवलं. "किती बसतात आता?"

"चौघं. कधी पाच."

"माझ्या टेबलावर वर्षभरात कुणी बसलेलं नाही. माझ्याच पक्षाचे लोक लिफ्टमध्ये मी दिसलो की जिन्याने जातात." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "वासरं बाहेर काढायला अजून किती अवकाश?"

"महिना जाईल."

"मग राहू दे फळ्या. आणि त्यांना काही सांगू नकोस. माझ्या एका पाटीने आता काही व्हायचं नाही, आणि माझ्यापायी तू एकट्याने जेवू नयेस. आर्लीनला आवडलं नसतं ते."

गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली. "ते पहिलं अक्षर अजून वाकडंच आहे रे," म्हणाला आणि गेला.

मतदान चर्चच्या तळघरात होतं. गेलन दारात उभा होता, त्याने लेलँडच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं काय, ते ठाऊकच आहे," म्हणाला. लेलँड आत गेला आणि नेहमी देत होता त्यालाच मत देऊन आला. संध्याकाळी निकाल लागला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. रूलच्या स्वतःच्या गावानेही त्याला नाकारलं होतं. आपल्या काउंटीत तर त्याची मतं एका बाकावर बसतील एवढीच. टीव्हीवर तो दोन मिनिटं बोलला, सगळ्यांचे आभार मानले, आणि उतरताना त्याने जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. लेलँडने टीव्ही बंद केला.

जूनमध्ये वासरं कुरणात गेली. कर्टने गोठ्याला पत्र्याची नवी भिंत घातली. लेलँडने चारी फळ्या उतरवल्या, पाइपाने धुतल्या, दोन दिवस उन्हात टेकवल्या आणि लाल रंगाचा डबा घेऊन बसला. आर्लीनच्या रेघेबाहेर ब्रश जाऊ नये म्हणून तो श्वास रोखून रंगवत होता. डावीकडे वाकलेलं अक्षर त्याने वाकलेलंच ठेवलं.

कर्टने धरलेल्या शिडीवर चढून लेलँड कोपऱ्यावर शेवटचा खिळा ठोकत असताना गेलनची गाडी थांबली.

"काय हे, लेलँड? निवडणूक झाली रे. तो हरला."

"ठाऊक आहे."

"मग?"

लेलँड शिडीवरून खाली उतरला. हातोडी खाली ठेवली. "मी ही काढली होती ती गोठ्याची भिंत पडली म्हणून. मी फिरलो नव्हतो. तुम्हाला तसं वाटलं, तेव्हा बोलायला हवं होतं, बोललो नाही. ते आता बोलतो."

गेलनने पाटीकडे पाहिलं, मग लेलँडकडे. "आता कशाला पण? आता कुणाला उपयोग?"

"कुणालाच नाही."

गेलनने काच वर केली. गाडी गेल्यावर धूळ खाली बसायला बराच वेळ लागला, आणि तोवर कर्ट शिडी धरून तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेलँड खानावळीत शिरला. खिडकीकडच्या टेबलावर बोलणं थांबलं, मग पुन्हा हळू सुरू झालं. लव्हर्न किटली घेऊन आली, कप भरला, आणि आज तिने त्याच्या बशीत न मागता एक पाव जास्तीचा ठेवला.

लेलँडने हॅट काढली आणि समोरच्या खुर्चीवर ठेवली.