माझा फोटो, त्याचे नाव

मी एक जुना लेथ आहे आणि मी रागावलेलो आहे. लोखंडाला कुठे राग येतो, असे तुम्ही म्हणाल. मित्रांनो, येतो. त्याला फक्त ओरडता येत नाही. म्हणून आज शांतपणे, जमेल तितक्या शांतपणे, सगळे सांगतो.

माझा जन्म राजकोटच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाची कांब माझ्या जबड्यात घट्ट पकडायची, मी ती गरगर फिरवायची आणि धारदार हत्याराने तिला हवा तो आकार द्यायचा, हे माझे काम. चाळीस वर्षांपूर्वी आत्माराम भाटकरांनी मला विकत घेतले. ट्रकमधून आंबा घाट उतरून मी रत्नागिरीला आलो आणि मिरकरवाड्याच्या बंदराजवळ त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिलो. तिथे आम्ही दोघांनी मच्छीमार बोटींचे शाफ्ट घडवले. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद पाण्याखालच्या पंख्यापर्यंत नेणारा लांब दांडा. तो भर समुद्रात मोडला, तर बोट लाटांच्या हवाली होते. म्हणून आत्माराम केसाएवढी चूकही चालवून घेत नसत. नाटे गावचे खलाशी आमच्याकडे येत, केळशीचेही येत. खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे आणि आत्माराम मला हात जोडत. ते दिवस फार चांगले होते.

पुढे आत्मारामांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. शेडला कुलूप लागले. दोन वर्षे खारी हवा मला खात राहिली आणि कोणी फिरकले नाही.

मग त्यांची मुलगी नम्रता पुण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून परत आली. तिने मला रॉकेलने धुतले, काचकागदाने घासले, तेल दिले. हात वडिलांसारखाच होता. पण जुनी गिऱ्हाइके पांगली होती. तेव्हा ती इंटरनेटवरच्या एका साइटवर गेली. तिथे धंदा-व्यवसाय करणारी माणसे एकमेकांशी ओळखी जोडतात.

"काय करतेस गो इतका वेळ फोनात?" आत्मारामांनी विचारले.

"ओळखी करतेय, बाबा. आपण काय काम करतो ते लिहायचं, दुसऱ्यांचं वाचायचं, कोणाला अडचण असली तर सांगायचं."

"तोंड न बघता ओळख?"

"तोंड नाय बघत, काम बघतात."

वडिलांना नीट दिसत नव्हते, म्हणून ती प्रत्येक मजकूर मोठ्याने वाचून दाखवी आणि मगच टाकी. त्यामुळे मलाही सगळे कळायचे. एकदा तिने 'कोकणातील अग्रगण्य' असे लिहिले होते. "अग्रगण्य कोण म्हणतं आपल्याला? काढ ते," आत्माराम म्हणाले. तिने हसत काढून टाकले.

शंभर जणांना एकच निरोप पाठवायचा, असे तिने कधी केले नाही. वेंगुर्ल्याकडचे एक बोटबांधणीवाले, गंगाराम तारी, यांनी तिथे विचारले होते की नव्या बोटीचा शाफ्ट का थरथरतो? अनेकांनी आपापली जाहिरात चिकटवली. नम्रतानेच तेवढे उत्तर दिले. "बोट पाण्यात उतरली की तिचा आकार किंचित बदलतो. किनाऱ्यावर जुळवलेली रेष पाण्यात सरकते. उतरवल्यावर पुन्हा तपासा." त्यांनी तपासले आणि थरथर थांबली. मग आठ महिने दोघांचे एकमेकांना लिहिणे चालले. शेवटी त्यांनी कळवले, "बारा बोटी बांधतोय. शिमगा झाला की तुमची शेड बघायला येतो." त्या दिवशी आत्मारामांनी माझ्या अंगावर थाप मारली. किती वर्षांनी!

आता अजिंक्यबद्दल सांगतो. हा आम्हाला पोलादाच्या कांबा पुरवायचा. गोड बोलायचा. "नम्रताताई, आम्हालापण शिकवा की तुमचं ते नेटवर्किंग!" असे म्हणत एक दिवस माझ्याशेजारच्या बाकावर बसला. तिने त्याला खाते उघडून दिले, आपल्या ओळखीत घेतले, कोणाला कसे लिहावे तेही समजावले. जाताना त्याने माझा आणि माझ्यावर हात टेकून उभ्या असलेल्या आत्मारामांचा फोटो काढला. "आठवण म्हणून," असे म्हणाला.

शिमगा झाला. पालख्या देवळात परत गेल्या. गंगाराम आले नाहीत. त्यांचा निरोप आला, "तुमच्या मालकांशी बोलणं झालं. ऑर्डर त्यांना मागेच दिली आहे."

"कोण मालक?" आत्माराम म्हणाले.

नम्रताने साइटवर शोधले. अजिंक्यच्या पानावर माझा फोटो होता. खाली लिहिले होते, 'आमचे अद्ययावत वर्कशॉप. तीन पिढ्यांचा अनुभव.' आत्मारामांना त्याने कापून टाकले होते. कोपऱ्यात फक्त त्यांचा डावा हात उरला होता, करंगळीचे टोक नसलेला. मित्रांनो, ते टोक माझ्याच जबड्यात गेले होते, पहिल्याच वर्षी. त्यांनी मला त्याबद्दल कधी दोष दिला नाही. आणि हा माणूस तो हात आपल्या धंद्याची शोभा म्हणून मिरवत होता! सहाशेहून अधिक लोकांनी त्याखाली पसंतीचा अंगठा दाबला होता. त्यात आपल्या रत्नागिरीची माणसे होती. माझ्या शेडच्या दारात उभे राहून चहा प्यायलेली माणसे!

नम्रताने फोन केला. अजिंक्य आला, तोही हसत.

"ताई, फोटोच तो. एवढं काय त्यात?"

"माझ्या ओळखीतली सगळी माणसं गाठलीस तू. एकेकाला लिहिलंस. मी तुझ्याकडे नोकरीला हाय असं सांगितलंस?"

"मग काम तुम्हालाच दिलं असतं की! मी ऑर्डर आणायची, तुम्ही करायचं. नेटवर्किंग असंच चालतं. ओळखी काय कोणाच्या मालकीच्या असतात?"

"आणि बाबा कोण? त्यांचं काय लिहिलंस?"

अजिंक्य खाली बघत पुटपुटला, "जुने कामगार."

सकाळपासून आत्माराम मुलीची समजूत घालत होते. सोडून दे म्हणत होते, कांबा त्याच्याचकडून घ्यायच्या आहेत म्हणत होते. आता ते उठले. चाचपडत आले, माझ्या अंगावर हात टेकून उभे राहिले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"नीघ इथून! तुझी एक कांबपण नको मला. कोल्हापूरहून आणीन, नायतर शेड बंद ठेवीन. कामगार मी हायच रे. पण तुझा नाय!"

त्याच दिवशी नम्रताने वडिलांना माझ्याशेजारी उभे केले, स्वतः काम करतानाचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिले, "हा लेथ माझ्या वडिलांचा, आत्माराम भाटकरांचा आहे. दुसऱ्या नावाने पाहिला असेल, तर तुमची फसवणूक झाली आहे." तेवीस जणांनी दखल घेतली. त्यातल्या काहींनी अजिंक्यकडेही अंगठा दाबलेला होता, इथेही दाबला! त्यांना कोणाचे काहीच पडलेले नव्हते. अजिंक्यचा मला राग आला, पण या माणसांचा त्याहून जास्त आला.

चौथ्या दिवशी गंगाराम तारी स्वतः आले. थकलेले होते. म्हणाले, "तुमचा व्हिडिओ बघितला आणि आधी त्याच्या पत्त्यावर गेलो. कांबांचं गोदाम होतं. पंखा शाफ्टवर कसा बसवता म्हणून विचारलं, तर म्हणे मॅडमना विचारून सांगतो. तेव्हा तुमची आठवण झाली." त्यांनी मान खाली घातली. "मी चुकलो. सहा शाफ्ट त्याने आधीच कुठूनतरी करून दिलेत. उरलेले सहा तुम्ही करा."

मला वाटले, नम्रता आता खूश होईल. ती म्हणाली, "ते सहा बोटींवर चढवलेत?"

"अजून नाय."

"चढवू नका. आधी इकडे पाठवा."

"ते त्याचे आहेत, मुली."

"बोटीत माणसं बसणार ना? मग?"

सहाही शाफ्ट आले. त्यातल्या दोन शाफ्टमध्ये चूक निघाली. पंखा बसतो ती निमुळती बाजू वाकडी होती. त्याच्या नावाचे ते शाफ्ट माझ्या जबड्यात चढले. मी संतापाने थरथरलो असतो, तर कोणी मला नावे ठेवली नसती. पण वर नम्रताचा हात होता आणि शेजारी आत्माराम कान देऊन उभे होते. मी सरळ फिरलो. केसाएवढी चूक राहू दिली नाही.

अजिंक्यने माझा फोटो काढून टाकला आहे. पण त्याच्या पानावर आजही लिहिले आहे, 'बारा बोटी, समाधानी ग्राहक.' त्याखाली अंगठे वाढतच आहेत.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही अशा ओळखी जोडाल. जरूर जोडा. गंगाराम आमच्या दारात आले ते त्या ओळखीमुळेच. पण दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालू नका. कौतुक करण्याआधी, हे कोणी केले एवढे विचारा. आणि जिने तुम्हाला शेजारी बसवून शिकवले, तिलाच लुबाडू नका.

अजिंक्यची माफी अजून आलेली नाही. मी तिची वाट बघत बसलेलो नाही. नम्रताने नवी कांब चढवली आहे आणि अजून चार शाफ्ट व्हायचे आहेत.