गुंजन पास झाली

पैनगंगेच्या पुरात मी भोपळ्यावर बसून उमरखेडला गेलो होतो, हे फुलसावंगीत सगळ्यांना माहीत आहे. परतताना भूक लागली म्हणून बसल्या बसल्या तोच भोपळा खात आलो. काठाला लागलो तेव्हा बुडाखाली नुसतं देठ उरलं होतं. चाळीस वर्षं सांगतोय ही गोष्ट, कोणाचं काही वाकडं झालं नाही. आता जी सांगणार आहे ती पुरती खरी आहे, म्हणून गावात ती ऐकायला कोणी बसत नाही.

गुंजन माझी नात, गोपालची मुलगी. साडेसात वर्षांची आहे. हाक मारली तर वळत नाही, तोंडाकडे बघत नाही. सरकीचे दाणे ओळीनं मांडते, ओळ मोडली की स्वतःचं मनगट चावते. मनचं बोलत नाही, पण आपण बोललेलं आपल्याच आवाजात परत म्हणते. भोपळ्याची गोष्ट तिला माझ्या खोकल्यासकट पाठ आहे.

गावच्या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी केतकी मॅडम यायच्या. अशा मुलांच्या विशेष शिक्षिका. स्कूटीवर आठ-दहा गावं करायच्या. दोन वर्षं खपून त्यांनी गुंजनला चित्रांची कार्डं शिकवली. तहान लागली की निळ्या पेल्याचं कार्ड उचलायचं, मनगट चावायचं नाही. पहिल्यांदा तिनं ते कार्ड आणून माझ्या मांडीवर ठेवलं, तेव्हा मी पाण्याला इतक्या घाईनं उठलो की धोतरात पाय अडकून पडलो. ही थाप नाही.

जूनमध्ये मॅडम घरी आल्या. सुरभीला, म्हणजे माझ्या सुनेला, म्हणाल्या, "यंदापासून प्रमाणपत्र मागतायत. पुसदला शिबिर आहे, डॉक्टर तपासतील. अपंगत्व चाळीस टक्के किंवा वर आलं तर नाव यादीत राहील आणि मी येत राहीन. खाली आलं तर नाव निघेल."

उठताना माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आजोबा, काही शिकवून आणू नका हं. आहे तशी दिसू द्या."

मॅडमची स्कूटी वळली आणि घरात कुजबुज सुरू झाली.

"मामाजी, कागदावर मतिमंद लिहून आलं त?" सुरभी म्हणाली. "जन्माचा शिक्का बसन पोरीले."

विमल, माझी मंडळी, आतूनच बोलली, "आपल्या घरात आजवर कोणी नापास नाही झालं."

खरंच होतं ते. आमच्या घरात परीक्षा म्हटली की तयारी. गोपालकडून मी शिष्यवृत्तीचे जुने पेपर तीन तीनदा सोडवून घेतले होते. तपासणी ही नापास होण्यासाठी द्यायची असते, हे कोणाच्या डोक्यात शिरणार? मॅडमनी टक्के सांगितले. आम्हाला त्यात परीक्षाच दिसली.

हिरासिंग राठोड मागच्या वर्षी आपल्या नातीला शिबिरात घेऊन गेला होता. त्याला पारावर गाठलं.

"काय काय विचारते रे तिथं?"

"पेपर तोच राह्यते दरसाल," हिरासिंग म्हणाला. "नाव विचारते, बोटं मोजाले लावते. भूक लागली त काय करशीन, पाण्यात जाताना काय घेशीन, असं."

"पाण्यात का पावसात?"

"पावसात. तुमचं ध्यान नदीतच राह्यते."

नऊ प्रश्न निघाले. मी ते भोपळ्याच्या गोष्टीत घातले. नदीत मगर भेटते आणि म्हणते, नऊ उत्तरं दे, नाहीतर भोपळा उलटा करते. मगरीला मी डॉक्टरी आवाज दिला. शेवटी मगर म्हणते, "शाब्बास, जा पुढं."

सुरभीनं एकदा टोकलं. "मॅडम नोको म्हणल्या होत्या न, मामाजी."

"मॅडमले काय जाते म्हणाले? चारचौघांत लेकराचं हसू होऊ द्यायचं काय?"

असं मीच म्हणालो. आणि खरं सांगायचं तर, माझी गोष्ट आठ दिवसांत तिच्या तोंडी अशी बसली की मला मिशांना पीळ द्यावासा वाटला.

शिबिर मंगल कार्यालयात होतं. खुर्च्यांना अजून लग्नाचे पांढरे झगे होते. डॉक्टर तरुण होता, डोळे झोपेला आलेले. दुपारपर्यंत साठ मुलं बघून झाली होती. शेजारी आमच्याच गावचा शाम नोंदी करत होता.

"नाव काय बेटा?"

"माझं नाव गुंजन."

"भूक लागली तर काय करशील?"

"आईला मागीन."

"पावसात जाताना काय घ्यायचं?"

"छत्री."

नऊच्या नऊ, त्याच क्रमानं. शेवटचं उत्तर देऊन ती मगरीच्या आवाजात म्हणाली, "शाब्बास, जा पुढं." डॉक्टर दिवसात पहिल्यांदा हसला असावा. म्हणाला, "गंमतही करते की." सुरभीला त्यानं घरच्या सवयींबद्दल विचारलं. मनगटाचं तिनं सांगितलं नाही. गुंजनला लांब बाहीचा फ्रॉक घातला होता.

कागदावर अपंगत्व तीसच टक्के आलं, म्हणजे शिक्का टळला. पुसदच्या स्टँडवर मी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. गावात विमल दारोदार सांगत फिरली, गुंजन पास झाली.

शुक्रवारी मॅडमनी कागद वाचला. घडी घालून तो सुरभीच्या हातात परत दिला.

"तिची गरज तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "पण आता मला तिच्यासाठी वेळ देता येणार नाही. कार्डांचा संचही परत द्यावा लागेल."

सुरभीनं गुंजनची बाही वर करून मनगट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "हे तिथं दाखवायचं होतं, सुरभीताई."

त्यांनी कार्डांच्या झेरॉक्स काढून दिल्या. काळ्या पेल्याला गुंजन हात लावत नाही. सुरभीनं रंगवलेला निळा पेलाही तिला तो पेला वाटत नाही. पंधरा दिवसांत मनगट पुन्हा सोलून निघालं. मग गुरुजींचा निरोप आला, वर्ग चालत नाही, पोरीला काही दिवस घरीच ठेवा.

मी एकटा पुसदला गेलो. दोन दिवस डॉक्टरचा पत्ता काढला, आणि तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात त्याच्यासमोर उभा राहिलो. "साहेब, मी तिले उत्तरं पाठ करून देल्ली. तिले त्यातलं काही समजत नाही. उलट्या क्रमानं विचारून पाहा."

डॉक्टरनं मान वर केली. तेवढ्यात शेजारी नोंदी करणारा शाम म्हणाला, "सर, हे आमच्या गावचे मारोतराव. भोपळ्यावर बसून उमरखेडले गेलते हे."

खोलीतली माणसं हसली. त्यात शामचा काही वाईट हेतू नव्हता. लहानपणी तोच माझ्या पुढ्यात बसून ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागायचा.

"ते खोटं होतं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. "हे खरं हाये."

"आजोबा, इथं येणारा प्रत्येक जण टक्के वाढवायलाच येतो," डॉक्टर म्हणाला. चिडून नाही, थकून. "फेरतपासणीचा अर्ज करा. यवतमाळला बोलावतील."

अर्ज केला. तारीख फेब्रुवारीची मिळाली. मॅडमना फोन लावला तर म्हणाल्या, "तोपर्यंत ती उत्तरं ती विसरली पाहिजे, आजोबा. तिच्यासमोर गोष्ट सांगू नका. एकही नाही."

विमलनं त्या दिवसापासून मला ओट्यावर बोलायला बंदी केली. लोक येतात, मी चूप बसलेला बघून तब्येत विचारतात आणि उठून जातात. सुरभी माझ्याशी कामापुरतं बोलते. दोष देत नाही. तिनं दिला असता तर बरं झालं असतं.

गुंजन रोज चारच्या सुमाराला येते, माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहते. पहिली ओळ मी म्हणायची असते, मग ती पुढचं म्हणते, असा आमचा रिवाज. मी म्हणत नाही. ती वाट बघते. मग माझ्या तोंडाकडे बघते, सरळ, एकटक. मॅडमनी दोन वर्षं यासाठी जीव टाकला होता, आणि त्यांच्याकडे तिनं असं कधी पाहिलं नाही.

काल तिनं बोटांनी माझा खालचा ओठ ओढून पाहिला. मी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी फोडून सगळाच्या सगळा तोंडात भरला, म्हणजे इच्छा झाली तरी बोलता येऊ नये. ती संध्याकाळपर्यंत उभी होती. सुरभी तिला उचलून आत घेऊन गेली. फेब्रुवारीला अजून चार महिने आहेत.