नेलिदाची वाटी

एवारिस्तोला डोंगर कधीच आवडले नाहीत. रोसारिओ शहरात त्याने आयुष्यभर बस चालवली, तीही सरळ, सपाट रस्त्यावर, आणि सपाट रस्त्याइतकी शहाणी गोष्ट जगात दुसरी नाही असं त्याचं ठाम मत होतं. पण त्याच्या बायकोच्या, नेलिदाच्या पोटातली गाठ काढून आता काही उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती रडली नाही की कुणावर चिडली नाही. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला वेर्तिएन्तेला घर घ्यायचंय."

वेर्तिएन्ते म्हणजे कोर्दोबाच्या डोंगरात, रस्ता संपतो त्याच्याही वर राहणारी ध्यानधारणेची मंडळी. नेलिदा दर उन्हाळ्यात तिथे मौनाला जायची. एवारिस्तो खाली नदीकाठच्या पाहुणेघराबाहेर गाडीत बसून रेडिओवर फुटबॉल ऐकायचा आणि वरच्या लोकांना मनसोक्त नावं ठेवायचा. कुणी बँक सोडून आलेला, कुणी नवरा सोडून आलेली, आणि सगळ्यांना एकाच दुकानातून आणल्यासारखं हसू. पण आता नेलिदाने मागितलं होतं, आणि तिने आजवर मागितलं होतं तरी काय? त्याने फ्लॅट विकला, बायकोला आणि दोन सुटकेसना गाडीत घातलं आणि तो त्या मेल्या डोंगरात येऊन दाखल झाला.

घर उलिसेस नावाच्या दातांच्या डॉक्टरचं होतं. तो मुलीकडे स्पेनला निघाला होता. मातीच्या भिंती, दारात एक अक्रोडाचं नि एक पीचचं झाड आणि दरीकडे उघडणारी एक मोठी खिडकी. त्या खिडकीपाशी नेलिदा उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी एवारिस्तोने तिचे खांदे सैल झालेले पाहिले. तेवढ्यावर त्याने डोंगराला माफ करून टाकलं.

पैसे देऊन झाले, शहरात कागदही झाले, पण वेर्तिएन्तेत कागदाने कुणाचं घर होत नाही. ते रिंगणात होतं. रिंगण वर्षातून दोनदा बसतं, अक्रोड गळतात तेव्हा आणि थंडी सरून पीच फुलतात तेव्हा. सगळे गोल बसतात, ज्याला घर हवं त्याच्या हातात 'माते' नावाच्या कडू हिरव्या चहाची वाटी देतात, आणि त्याने ती नळीने तळापर्यंत ओढून संपवायची, नळीचा घुरघुर आवाज येईपर्यंत. आवाज आला की घर त्याचं. नवरा-बायको म्हणून एक वाटी चालत नाही, कारण तिथे प्रत्येक जीव एकटा आलेला असतो. उलिसेसने हे दोघांना नीट समजावलं होतं. "आपली वाटी आपणच संपवायची बरं का," असंही तो म्हणाला होता. एवारिस्तोने मान डोलावली होती. माते प्यायचा काय, लहानपणापासून तो तेच करत आला होता.

रिंगणाच्या दिवशी ऊन छान होतं. अमान्काय नावाची पांढऱ्या वेणीची बाई माते ओतत होती. रिंगण तीच चालवायची. आधी एवारिस्तोने आपली वाटी संपवली, आवाज आला, सगळे हसले. मग वाटी पुन्हा भरून नेलिदाकडे गेली. तिने डोळे मिटले, एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग थांबली. महिनोन्‌महिने तिच्या पोटात दोन घोटांपलीकडे काही ठरत नव्हतं. घरी सकाळी ती दोन घोट घ्यायची, न बघताच वाटी डावीकडे करायची, आणि एवारिस्तो उरलेलं संपवून वाटी पुन्हा भरायचा. ती फक्त दम घ्यायला थांबली होती, पण वाटी धरलेला हात सवयीने डावीकडे झुकला. आणि सवयीनेच एवारिस्तोने ती घेतली आणि ओढली. घुरघुर असा आवाज आला, खणखणीत.

कुणीच हसलं नाही. काय झालं ते एवारिस्तोला नेलिदाच्या चेहऱ्यावरून कळलं. तिचा हात अजून हवेतच होता.

त्याने माफी मागितली. पुन्हा भरा म्हणाला. ती बसून पिईल, संध्याकाळपर्यंत पिईल, आम्हाला कुठे जायचंय. अमान्काय उठून त्याच्याजवळ आली आणि तिने त्याला मिठी मारली.

"भाऊ, वाटी एकदाच फिरते," ती म्हणाली. "घर तुझं झालं. ती पीच फुलताना पिईल."

"पीच फुलेपर्यंत ती असेल का, ते विचार ना तुझ्या डोंगराला."

अमान्कायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पुन्हा मिठी मारली. बसमध्ये त्याने गुंड पाहिले होते, दारुडे पाहिले होते, त्यांच्याशी कसं बोलायचं ते त्याला येत होतं. पण शिवी दिली तर रडणारी आणि धक्का दिला तर मिठी मारणारी माणसं त्याने पाहिली नव्हती. हा नियम बदलायचा कुणी, असं त्याने एकेकाला विचारलं. प्रत्येकाने मनापासून सांगितलं की तो कुणीच केलेला नाही, म्हणून कुणाला बदलता येत नाही. उलिसेस तर त्याच्यापेक्षा जास्त रडला आणि दुसऱ्या दिवशी स्पेनला निघून गेला.

ज्याने वाटी प्यायली नाही त्याने रात्री पाहुणेघरात झोपायचं. आणि ज्याचं घर त्याने घरातच झोपायचं, रिकामं घर रिंगणाकडे परत जातं. रिंगणाच्या संध्याकाळीच एवारिस्तोने सुटकेस उचलल्या आणि नेलिदाला म्हणाला, चल वर, बघू कोण अडवतं.

"कुणी अडवणार नाही," ती म्हणाली. "मीच येणार नाही. चोरून राहायला मी नाही आले, म्हाताऱ्या."

"मग मीही खालीच झोपतो. खड्ड्यात गेलं घर."

"तू वर झोपायचंस. माझं घर आहे ते. माझ्यासाठी राखून ठेव."

तो खूप बोलला. चूक माझी, शिक्षा तुला का, म्हणाला. परत रोसारिओला जाऊ म्हणाला, आणि तिथे आता आपलं काहीच उरलेलं नाही हे त्याचं त्यालाच आठवलं. नेलिदा त्याच्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून दिवसभर ती वर असते, खिडकीपाशी, पांघरूण घेऊन. सकाळी तो माते करतो. ती दोन घोट घेते आणि वाटी डावीकडे करते. तो ती घेत नाही. "अजून एक घे," म्हणतो, "सराव कर." ती अजून एक घेते, आणि बहुतेक वेळा तो तिच्या पोटात ठरत नाही.

दिवस कलला की तो तिला हाताला धरून पाहुणेघरात सोडतो, शेगडी पेटवतो, पाय चेपून देतो आणि एकटा चढ चढतो. खिडकीत मोठा दिवा लावायचा असं तिने सांगितलंय, म्हणजे तिला खालून आपलं घर दिसतं. तो दिवा लावतो आणि काचेला कपाळ टेकवून उभा राहतो. खाली नदीशी तिची पिवळी खिडकी दिसते. पण तिचा खोकला इथवर ऐकू येत नाही. दारातल्या पीचच्या काड्या उघड्याबोडक्या आहेत, आणि थंडी अजून सुरूसुद्धा झालेली नाही.